शकुंतलेचा डबा

मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला व दुसरीकडे यवतमाळला जाणाऱ्या अरुंद मापाच्या आगगाडीला वऱ्हाडात ‘शकुंतला’ म्हणत. तिच्या रुळांत अंतर अवघे अडीच फूट. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले तिचे वाफेचे एंजिन १९९४ पर्यंत राबत होते. आमच्या वडिलांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेल्या विलायती खेळण्यातल्या गाडीलाही घरात तेच नाव पडले. ही शकुंतला मात्र विजेवर चाले. भिंतीतला २३० व्होल्टांचा दाब उतरवून रुळांना १२ व्होल्ट देणाऱ्या यंत्रास शास्त्रज्ञ रोहित्र म्हणोत. आमच्या घरी तो ‘डबा’.

गेल्या दिवाळीत अमरावतीस नातू आला, तेव्हा आम्ही ती माळ्यावरून काढली. सौभाग्यवतींनी विजेविषयी शंका काढली. “१२ व्होल्टांनी मुंगीही मरत नाही,” असे आम्ही प्राध्यापकी थाटात सांगितले. चार दिवस गाडी धावली. पाचव्या दिवशी दूरच्या वळणावर रेंगाळली आणि थांबली. दोष डब्याचाच, हे आम्ही तत्काळ ठरविले. इंग्रजी वाङ्मयाच्या पदवीधरास निदानाला वेळ लागत नाही.

रुळांसकट सारा संसार पिशवीत घालून आम्ही अकोल्याची गाडी धरली. (वाटेत मूर्तिजापूर लागतेच, नातू खिडकी सोडीना.) तेथील एका वृद्ध रेडिओ-कारागिराने डब्याच्या टोकांना स्कूटरचा १२ व्होल्टांचा दिवा लावला. तो लख्ख पेटला. “सर, डबा तं ठणठणीत हाये.” मग त्यांनी रूळ जोडून तोच दिवा पुढे पुढे सरकविला. प्रत्येक सांध्यागणिक तो मंदावत गेला. गंज सांध्यांत होता.

आम्ही उठणार, तोच त्यांनी डब्यातून भिंतीकडे जाणारी जुनी वायर वाकविली. तिचे रबर शिळ्या भाकरीसारखे भुगा होऊन गळाले. पत्र्याच्या पेटीत ती शिरते तेथे तांबे उघडे पडले होते, पेटीपासून केसभर अंतरावर. १२ व्होल्ट पलीकडच्या अंगाला. अलीकडे पुरते २३०, आणि पेटीला अर्थिंग नाही.

“याले हात कोन लावे?”

वेगाची मूठ त्याच पेटीवर होती. नातवाचा हात चार दिवस तेथेच होता. आम्हांस उत्तर देववेना.

त्यांनी तीनपदरी वायर बसवून तिसरी तार पेटीस जोडली, सांधे घासून दिले. घरी परतल्यावर आम्ही जुन्या वायरचा तुकडा सौभाग्यवतींपुढे ठेवून सारे सांगितले. त्यांनी तो उलटसुलट पाहिला; मुंगीचा विषय काढला नाही. खेळ संपताच भिंतीतले बटण बंद करावयास मात्र आता त्या स्वतः जातात.