पाण्याचा हिशोब उघडा हवा

खारपाणपट्ट्यात पाणी दोन प्रकारचं. वरून पडतं ते गोड, खालून निघतं ते खारं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. सुमारे नऊशे गावं आणि साडेचार लाख हेक्टरांहून जास्त जमीन त्यात येते. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर अशा तालुक्यांतली ही काळी, खोल, चिकण माती. इथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकाच्या कामाचं नसतं आणि माणसाच्याही नाही. पिण्याचं पाणी वान, शहानूर अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून नळाने येतं. शेतीची मुख्य भिस्त पावसावर. म्हणून पडलेल्या पावसातलं किती वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती उडून गेलं, हा हिशोब इथल्या शेतकऱ्याला फार जवळचा आहे.

मी जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं शास्त्र शिकवते. गेल्या काही वर्षांत हा हिशोब माझ्या विषयाच्या अंगणात आला. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. गावोगाव त्याला 'पोकरा' म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या इतर गावांबरोबर खारपाणपट्ट्यातली गावंही त्यात होती. प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून कामं ठरवायची, अशी त्याची रीत. त्या ताळेबंदाचं गणित आयआयटी मुंबईत, 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राच्या मंडळींनी प्रा. मिलिंद सोहोनी यांच्या पुढाकाराने बांधलं आणि ते 'क्यूजीआयएस' या ओपन सोर्स नकाशा-प्रणालीत प्लगइनच्या, म्हणजे जोड-प्रोग्रामच्या, रूपात बसवलं. मातीचा पोत आणि खोली, जमिनीचा उतार, जमिनीचा वापर, पीक आणि रोजचा पाऊस एवढं दिलं, की वाहून जाणारं पाणी, मातीतली ओल, खोल मुरणारं पाणी आणि पिकाची तूट हाती येते.

ओपन सोर्सचं महत्त्व फुकट मिळण्यापुरतं आहे असं अनेकांना वाटतं. पैसे वाचतात हे खरंच. जिल्ह्याच्या एखाद्या महाविद्यालयाला महागड्या परवान्यांचा खर्च झेपत नाही, तिथे क्यूजीआयएस शंभर संगणकांवर एका दुपारी चढवता येतं. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळी आहे. गणित कसं केलं ते वाचता येतं, चुकलं असेल तर दुरुस्त करता येतं आणि दुरुस्ती इतरांना देता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून हाच आग्रह आहे. वापरणाऱ्याला प्रणाली चालवण्याचं, अभ्यासण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य हवं. त्यांनी लिहिलेल्या जीपीएल परवान्याने या स्वातंत्र्याला कायद्याचा आधार दिला, आणि क्यूजीआयएस त्याच परवान्याखाली आहे.

या स्वातंत्र्याचा खारपाणपट्ट्याशी काय संबंध, ते एका उदाहरणाने सांगते. पावसातलं किती पाणी वाहून जाईल हे काढण्यासाठी जगभर 'कर्व्ह नंबर' पद्धत वापरतात. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने ती १९५०च्या दशकात बसवली. जमीन सुरुवातीचं थोडं पाणी पिते, मग बाकीचं वाहू लागतं, असं ती मानते. हे सुरुवातीचं पाणी किती धरायचं? मूळ पद्धतीत त्यासाठी ०.२ हा गुणक आहे. भारतातल्या काळ्या जमिनी आधीच ओल्या असतील तर ०.१ धरायचा प्रघात आहे. आता ६० मिलिमीटरचा एक पाऊस घ्या आणि कर्व्ह नंबर, म्हणजे जमिनीवरून पाणी वाहण्याचा कल दाखवणारा आकडा, ८० धरा. ०.२ ने हिशोब केला तर सुमारे २० मिलिमीटर पाणी वाहतं, ०.१ ने केला तर साडेचोवीस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. म्हणजे एका पावसात, एका हेक्टरवर, सुमारे ४४ हजार लिटरचा फरक. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. हंगामभरात असे अनेक पाऊस धरले, तर ते तळं भरेल की अपुरं राहील, हे प्रोग्राममधल्या एका ओळीतल्या एका आकड्यावरून वेगळं दिसू शकतं. ती ओळ कुलूपबंद असेल तर शेतकरी, कृषी सहायक आणि मी, तिघंही छापील तक्त्यापुढे सारखेच हतबल.

दुसरं उदाहरण गणिताच्या पलीकडचं आहे. दर्यापूर भागातल्या एका बैठकीत मी ताळेबंदाचा तक्ता समजावून सांगत होते. खोल मुरणारं पाणी जमेच्या बाजूला होतं. एक वयस्क शेतकरी म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं मुरलं थे गेलं. थे जमेत कायले धरून रायल्या?" त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. इतर ठिकाणी मुरलेलं पाणी विहिरीला लागतं आणि रब्बीत परत मिळतं. इथे ते खाऱ्या पाण्याला जाऊन मिळतं. या पट्ट्यात जमेची बाजू म्हणजे मातीतली ओल आणि वर अडवलेलं पाणी. भेगांचंही तसंच. उन्हाळ्यात इथली माती हात जाईल एवढी फाटते. पहिला पाऊस भेगांतून थेट खाली उतरतो, भेगा मिटल्या की तीच माती पाणी आत घेईनाशी होते. जूनच्या आणि ऑगस्टच्या मातीला एकच नियम लावला, तर हिशोब दोन्ही वेळा चुकतो. हे ज्ञान गावात आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या मृदशास्त्रज्ञांकडेही आहे. उघड्या प्रणालीत ते ज्ञान शिरायला वाट असते. बंद प्रणालीत फक्त तक्रार अर्ज करता येतो.

मात्र वाट असली म्हणून कुणी चालतंच असं नाही. ओपन सोर्स जगतं ते त्याच्याभोवती जमलेल्या माणसांवर. क्यूजीआयएस २००२मध्ये अलास्कात गॅरी शर्मन या एका माणसाने लिहायला घेतलं. पहिली १.० आवृत्ती यायला २००९ उजाडलं. आज अनेक देशांतले लोक त्यावर काम करतात. कुणी प्रोग्राम लिहितं, कुणी दुसऱ्याचा प्रोग्राम तपासतं, कुणी चुका नोंदवतं, कुणी माहितीपुस्तिका लिहितं, कुणी भाषांतर करतं. त्याच्याहून जुन्या 'ग्रास' या प्रणालीची कथा तर फार बोलकी आहे. अमेरिकन सैन्याच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत १९८२पासून ती तयार होत गेली. १९९०च्या दशकाच्या मध्यावर सैन्याने हात काढून घेतला. विद्यापीठांतल्या मंडळींनी ती उचलली, १९९९मध्ये ती जीपीएलखाली आली आणि आजही ती चालू आहे. मालक निघून गेला, प्रणाली राहिली, कारण ती वाचलेली आणि आपली मानणारी माणसं होती.

सरकारी प्रकल्पांच्या बाबतीत मला याचीच काळजी वाटते. प्रकल्पाला मुदत असते. मुदत संपते, अधिकारी बदलतात, कंत्राट दुसऱ्याकडे जातं. क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्तीत जुनं प्लगइन चालेनासं होतं, आणि ते दुरुस्त करणारं जिल्ह्यात कुणी नसतं. केंद्र सरकारने २०१५मध्ये ओपन सोर्स प्रणालींना प्राधान्य देण्याचं धोरण आणलं, शासकीय प्रणालींचा स्रोत खुला करण्याचंही त्याच वर्षी ठरवलं. कागदावर दार उघडं आहे. वऱ्हाडातून त्या दारात शिरणारी माणसं तयार करणं हे आमचं, शिक्षकांचं काम आहे.

ही माणसं कुठून यायची? अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४पासून आहे, अमरावती विद्यापीठ १९८३पासून, अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९पासून. शेगाव, बडनेरा, अकोला इथे अभियांत्रिकीची मुलं दरवर्षी अंतिम वर्षाचा प्रकल्प करतात. त्यातले कितीतरी प्रकल्प परीक्षकाने सही केली की कपाटात जातात. त्याच मुलांनी क्यूजीआयएसमधली एखादी छोटी चूक सुधारली, तर ती जगभरच्या अनुभवी लोकांच्या नजरेखालून जाते. ते प्रश्न विचारतात, परत पाठवतात, पुन्हा लिहायला लावतात. माझ्या एका विद्यार्थिनीची दुरुस्ती अशीच परत आली, तेव्हा ती हिरमुसली. पण तपासणाऱ्याच्या शेऱ्यांवरून तिने तीच गोष्ट पुन्हा लिहिली आणि ती स्वीकारली गेली. त्या फेऱ्यांत ती जे शिकली ते माझ्या वर्गात मी शिकवू शकले नसते.

प्रोग्राम लिहिता न येणाऱ्यांनाही इथे मानाचं काम आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर आपल्या गावचे नाले, पांदण, शेततळी कुणालाही नोंदवता येतात, मराठी नावासाठी वेगळी जागा असते. नकाशावर देवनागरी नीट दिसते तीही अनेकांच्या कष्टांमुळे. लोहित मराठीसारखे फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ओपन सोर्स प्रणालींचे छोटे दृक्‌श्राव्य धडे आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना मराठी आवाज आहे. पाऊस मोजण्याचं काम तर कुणीही करावं. 'महावेध' या राज्याच्या हवामान प्रकल्पाचं स्वयंचलित केंद्र साधारण महसूल मंडळाला एक असतं, आणि वऱ्हाडातला पाऊस शिवाराशिवारात बदलतो. शाळेच्या आवारातला साधा पर्जन्यमापक आणि नीट ठेवलेली वही यांनी गावाचा ताळेबंद सुधारेल.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. सरकारी पैशातून झालेला पाण्याचा, पिकाचा आणि विम्याचा प्रत्येक हिशोब प्रोग्रामसकट खुला असावा. त्यासाठी लागणारी माती-पावसाची आकडेवारीही खुली असावी, कारण गणित दाखवून आकडे लपवले तर तपासणी होत नाही. आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांनी मिळून खारपाणपट्ट्याच्या या गणिताची कायमची जबाबदारी घ्यावी. काळ्या मातीचा गुणक, भेगांचा नियम, खाऱ्या पाण्याची वजाबाकी हे सारं इथे तपासून, इथे लिहून, जगाच्या भांडारात इथल्या नावाने जमा व्हावं. काळी, फाटणारी माती आफ्रिकेत आहे, ऑस्ट्रेलियात आहे, टेक्सासमध्येही आहे. दर्यापूरच्या त्या शेतकऱ्याने काढलेली शंका तिथल्या एखाद्याच्या कामी येईल, पण आधी ती कुणीतरी प्रोग्रामात लिहायला हवी. ते काम या दिवाळीनंतरच्या सत्रात सुरू होऊ शकतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.