खाली बावीस, वर चोवीस

माझे मामा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन गेले की कधीकधी बसचं मागचं डिफरन्शियल उतरवलेलं दिसायचं. क्राऊन-पिनियन पुन्हा बसवायचं म्हणजे दातांमधली फट मोजायची, पातळ शिमा घालायच्या, काढायच्या, दातांना रंग लावून ते नेमके कुठे टेकतात ते पाहायचं. मामांचा अख्खा दिवस त्यात जायचा. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात आमच्या शेजारच्या आजोबांनी, शर्यतीच्या दोन फेऱ्यांच्या मधे आम्ही मागचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पुढच्या शाफ्टचे किती फेरे ते प्रमाण, बदलतो, असं सांगितलं तेव्हा मला ते पटेचना. दिवसभराचं काम दहा-पंधरा मिनिटांत कसं होईल?

त्यांच्या गॅरेजमध्ये 1932 ची फोर्ड आहे. तिच्यासाठी आणलेलं जुनं हॅलिब्रँड क्विक-चेंज डिफरन्शियल बाकावर उघडून ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत टेड हॅलिब्रँड यांनी ही डिफरन्शियलं बनवली. वजन वाचवणाऱ्या मॅग्नेशियमच्या ओतकामासाठी ते प्रसिद्ध झाले. आजोबा म्हणाले, "आधी इंजिनाची ताकद कुठून कुठे जाते, ते बोटाने दाखव."

मी पुढच्या शाफ्टवर बोट ठेवलं आणि तिथेच अडले. मामांच्या बसमध्ये पुढून येणाऱ्या शाफ्टच्या टोकालाच पिनियन असायचा आणि तो थेट क्राऊनला भिडायचा. इथे शाफ्ट क्राऊनच्या खालून सरळ मागे निघून जात होता, त्याला स्पर्शही न करता. मी तीनदा बोट फिरवलं, तिन्ही वेळा ते केसिंगच्या मागच्या भिंतीशी जाऊन थांबलं. ज्याला फिरवायचं त्यालाच ओलांडून जायचं, हे काही डोक्यात शिरेना.

मग त्यांनी मागचं झाकण काढलं. आत एकावर एक दोन साधे, सरळ दातांचे गिअर होते. खालचा गिअर त्या लांब शाफ्टच्या मागच्या टोकावर. तो वरच्याला फिरवतो. वरचा गिअर पिनियनच्या शाफ्टवर बसलेला असतो आणि पिनियन तिथून पुढे तोंड करून क्राऊनला फिरवतो. म्हणजे ताकद खालून मागे जाते, वर चढते आणि वरून परत पुढे येते. क्राऊन-पिनियनची जोडी मामांसारखी एकदाच जिवापाड जपून बसवायची आणि मग तिला हात लावायचा नाही. बदलायचे ते हे मागचे दोन गिअर. ते स्प्लाइनवर नुसते सरकवलेले असतात, दोन बोटांनी ओढले की हातात येतात. दात सरळ असल्यामुळे ते शाफ्टला पुढे-मागे रेटत नाहीत, शिमा लागत नाहीत. जे वारंवार बदलावं लागणार ते कुणीतरी विचार करून हात पोचेल अशा जागी आणून ठेवलं होतं. इतकी शहाणी रचना मी यंत्रात क्वचितच पाहिली आहे.

मग आजोबा मला त्यांच्या टीमच्या शर्यतीला घेऊन गेले. शर्यत होती विल्यम्स ग्रोव्हला. मेकॅनिक्सबर्गजवळचा हा अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक 1939 पासून चालू आहे. तिथल्या स्प्रिंट कारला 410 घनइंचांचं व्ही-एट इंजिन, ताकद 900 हॉर्सपॉवरच्या आसपास, इंधन मिथेनॉल. गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, स्टार्टरही नाही. मागून ट्रकने ढकललं की इंजिन पकडतं. अख्खी शर्यत एकाच रेशोवर, म्हणून तो चुकला की सगळंच चुकलं. त्यात संध्याकाळी ओली, चिकट असलेली माती रात्रीपर्यंत सुकून गुळगुळीत होते.

पहिल्या फेरीनंतर ड्रायव्हरने सांगितलं की सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिन फार वर जातंय. आजोबांच्या नातवाने तिथेच हिशोब केला. क्राऊन-पिनियन 4.86 चा. मागे खाली 22 दातांचा, वर 25 चा. 4.86 ला 25 ने गुणून 22 ने भागलं की 5.52. वरचा 24 चा घातला की 5.30. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे चार टक्क्यांनी कमी.

"कर तू," आजोबा मला म्हणाले.

खाली ट्रे सरकवला, नट सोडले, झाकण सुटताच गरम तेलाची धार पडली. त्या तेलाचा उग्र वास थेट मामांच्या वर्कशॉपचा. केसिंग हातमोज्यातूनही पोळत होतं. गिअर काढले, पुसले, नवी जोडी सरकवली, झाकण उचललं.

"थांब. चाक फिरव आणि मोज."

इन-आउट बॉक्सने, म्हणजे इंजिन मागच्या डिफरन्शियलला जोडण्या-सोडण्याच्या खटक्याने, इंजिन आधीच सोडवलेलं होतं आणि मागची चाकं जॅकवर उचललेली होती. या गाडीत दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर घट्ट, त्यामुळे एक फिरवलं की दुसरंही फिरतं. नातवाने खालच्या गिअरवर खडूची रेघ ओढली. मी चाकाचा एक फेरा पुरा केला. रेघ पाच फेरे आणि वर थोडी जायला हवी होती. ती साडेचारच्याही आतच थांबली.

मी 24 दातांचा खाली घातला होता आणि 22 चा वर. तेच दोन गिअर उलटे बसवले की 5.30 चा 4.46 होतो. एका जोडीतून दोन रेशो मिळतात हा या रचनेचा मोठा गुण, पण त्या क्षणी माझ्या छातीत धस्स झालं. तशीच गाडी ट्रॅकवर गेली असती तर प्रत्येक वळणातून बाहेर पडताना इंजिन दमलं असतं आणि ड्रायव्हरला कारण कळलंही नसतं. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही गिअर ओढून माझ्या हातात दिले आणि कडेला कोरलेला आकडा मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला, बसवले, पुन्हा मोजलं. पाच आणि वर जेमतेम एक तृतीयांश फेरा. मग झाकण, नट, नवं तेल.

परत येताना त्यांनी फोर्डसाठी आणलेल्या क्विक-चेंजबद्दल सांगितलं. सरळ दातांमुळे ते रस्त्यावर गुणगुणत राहतं, आणि हॉट रॉडवाल्यांना तो आवाज इतका आवडतो की मागचं झाकण पॉलिश करून मुद्दाम दिसेल असं ठेवतात. मी ऐकत होते, पण मांडीवर गिअरचा डबा होता आणि डब्यावर चिकटपट्टी लावून मी मराठीत लिहीत होते: खाली 22, वर 24.