शिबिरातले गळालेले तीन दिवस

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, देशातल्या 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. नाशिकच्या कॉलेजांत हे लांबलचक नाव कुणी घेत नसे. तेव्हाही एनएसएस, आताही एनएसएस. वर्षाला 120 तासांचं काम तेव्हा होतं, तसंच आजही आहे. हिवाळी शिबिर मात्र आमच्या वेळी, 1980 च्या दशकात, दहा दिवसांचं असे. आता ते सात दिवसांचं झालंय. ते गेलेले तीन दिवस मला फार मोलाचे वाटतात.

शिबिराला जाताना नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून एसटी त्र्यंबकमार्गे हरसूलकडे निघायची. पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाक बाहेर काढून आम्ही सतरंज्या अंथरायचो. सकाळी श्रमदान. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत रेती भरून ओढ्यावर बंधारा घालायचा. गोण्या रचायच्या कशा, हे आमच्या सरांनाही ठाऊक नव्हतं. ते दाखवलं गावातल्या एका बाबांनी. एक थर आडवा, दुसरा उभा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही आणि मधे माती पायानं चोपत जायची. आमची पहिली रांग त्यांनी शांतपणे उचकटली आणि पुन्हा रचायला लावली. दुपारपर्यंत ओढ्याचं पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं.

पण शिबिराचा खरा ऐवज संध्याकाळी हाती लागायचा, आणि तोही उशिरा. पहिले तीन-चार दिवस गाव आम्हाला पाहुण्यांसारखं वागवायचं. पोरं लांबून बघायची, बायका दाराआड उभ्या राहायच्या. मग पाचव्या-सहाव्या दिवशी कुणीतरी ओट्यावर बोलवायचं. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी पुढे यायची, आणि बोलणं सुरू व्हायचं. भात-नागली घरात आली की अर्धा पाडा दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षबागांवर मजुरीला निघतो, हे मला तिथे कळलं. नाशिकची द्राक्षं लहानपणापासून खात आलो होतो; ती कुणाच्या हातांनी खुडली जातात, हे मात्र कधी मनातही आलं नव्हतं. वर्गात तोंड न उघडणारा आमच्यातला एक मुलगा त्या ओट्यावर बसून म्हाताऱ्यांची पोस्टकार्डं लिहून द्यायचा. शिबिरानंतर तो कॉलेजात धीटपणे बोलायला लागला.

आजच्या शिबिरांत पुष्कळ काही आमच्याहून चांगलं आहे. आमच्या वेळी मुली दिवसा येत आणि अंधार पडायच्या आत घरी जात. आता त्या मुक्कामाला असतात, बायकांना जमवून रक्तातल्या हिमोग्लोबिनविषयी मोकळेपणानं बोलतात. शिबिराबाहेरही, गणेश विसर्जनाला गोदाकाठी उभं राहून एनएसएसची मुलं मूर्ती आणि निर्माल्य गोळा करतात. आम्ही ते सगळं बेधडक नदीत सोडत होतो. जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय युवा महोत्सव नाशिकला झाला, तेव्हा तपोवनात देशभरातली मुलं पाहून ऊर भरून आला होता.

श्रेयांकांसाठी मुलं येतात, अशी तक्रार ऐकू येते. ती मला पटत नाही. वाढीव गुणांचं आकर्षण आम्हालाही होतंच की! मला खटकतं ते वेळापत्रक. संध्याकाळी शहरातून आलेले वक्ते, मग सत्कार, मग सांस्कृतिक कार्यक्रम, मग फोटो आणि अहवाल. सगळं शाळेच्या आवारात. पाड्यावरच्या ओट्यापर्यंत मुलं पोचायच्या आत सातवा दिवस उजाडतो आणि बस दारात उभी राहते.

2027 चा सिंहस्थ येतोय. रामकुंडाच्या गर्दीत हीच मुलं मदतीला उभी असतील आणि सुरगाण्याहून आलेली, माणसं चुकलेली एखादी आजी त्यांच्याशी तिच्या बोलीत बोलेल. ती बोली कानावर पडायची जागा म्हणजे शिबिर. गेलेले तीन दिवस परत मिळणं अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सातांपैकी निदान तीन दिवस संध्याकाळी सहानंतरचे रकाने कोरे ठेवा आणि मुलांना दोघा-दोघांनी गावात जाऊ द्या.