तीन टन गारवा

मराठीत गारवा पडतो, सुटतो, जाणवतो. तो कोणी बनवत नाही. अंगणातला सडा, माठ, वाळ्याच्या ताट्या ही सारी त्याला बोलावण्याची साधने. वातानुकूलनाची भाषा मात्र कारखान्याची आहे, आणि ती ऐकून यंत्र गारवा निर्माण करते असा समज सहज होतो. वस्तुतः यंत्रही गारवा बनवत नाही. ते एका ठिकाणची उष्णता उचलते आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकते. बॉस्टनजवळच्या आमच्या जुन्या घरात 2025 च्या वसंतात आम्ही मध्यवर्ती वातानुकूलन बसवून घेतले, तेव्हा हे ‘दुसरे ठिकाण’ कोणते, हाच प्रश्न अखेर सर्वांत महत्त्वाचा ठरला.

हे घर हिवाळ्यासाठी बांधलेले. वाफेचे रेडिएटर खोल्याखोल्यांत आहेत, पण हवा वाहून नेणारे डक्ट कोठेच नाहीत. आजवर खिडकीतल्या दोन यंत्रांवर भागत होते. परंतु अकोल्याहून आजी कायमच्या राहायला आल्या आणि जुलैतला दमटपणा त्यांना सोसवेना. अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, कारण पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते. इथे हवाच ओली. तिच्यात आणखी वाफ सामावणार कशी?

पहिल्या कंत्राटदाराने घराचे चौरस फूट विचारले आणि चार टनांचे यंत्र सुचवले. दुसऱ्याने अर्धा दिवस मोजमापे घेतली. कोणती खिडकी पश्चिमेला, माळ्यावर उष्णतारोधक थर किती, भिंती पोकळ की भरलेल्या, घरात माणसे किती, हे सारे टिपून त्याचा हिशेब तीन टनांवर आला. आम्ही त्याचे ऐकले. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट थंड करून थांबते, आणि हवेतली ओल काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. मग घर थंडही राहते आणि चिकटही. विलिस कॅरियरने 1902 मध्ये जी यंत्रणा आखली तीही माणसांच्या सुखासाठी नव्हती. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगे आणि रंग जागेवर बसत नसत, त्यावरचा तो उपाय होता.

हा ‘टन’ यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा. 2,000 पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, ती एका टनाची क्षमता. म्हणजे तासाला 12,000 बीटीयू. आमच्या माळ्यावर रोज 6,000 पौंड बर्फ वितळवण्याजोगी सोय झाली, असे म्हणायला हरकत नाही. या मापाला आमच्या परिसरात एक जुना संदर्भही आहे. मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला हिवाळी बर्फ कापून फ्रेडरिक ट्यूडर तो जगभर विकत असे. 1833 मध्ये बॉस्टनहून निघालेल्या जहाजातला बर्फ सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचला. भरलेल्या 180 टनांपैकी 100 टनांच्या आसपास शिल्लक होता. उरलेला वाटेत समुद्रावर विरून गेला. गारव्याची ने-आण करताना काहीतरी वाटेत खर्ची पडतेच.

काम आठवडाभर चालले. माळ्यावर हवा फिरवणारे यंत्र बसले, त्याखाली पाण्याचे तबक आणि ते भरू लागताच यंत्र बंद करणारा तरंगता खटका. वेष्टित डक्ट वरच्या खोल्यांच्या छतांत उतरले. तळमजल्याकडे जाणाऱ्यांसाठी दोन कपाटांचे कोपरे द्यावे लागले. तांब्याच्या नळ्यांचे सांधे झाळताना आत नायट्रोजन वाहता ठेवला होता, कारण एरवी आतून काजळी धरते. मग दाब देऊन गळती तपासली आणि पंप लावून नळ्या निर्वात केल्या. मापकावरचा आकडा 500 मायक्रॉनच्या खाली येईपर्यंत तंत्रज्ञ स्वस्थ बसून होता. इतक्या विरळ दाबात नळीतला पाण्याचा अंशही साध्या तापमानाला उकळून निघून जातो. एवढे झाल्यावरच झडपा उघडून शीतद्रव्य आत सोडले.

या सर्वांआधी बाहेरचे यंत्र कोठे ठेवायचे ते ठरवायचे होते. सर्वांत स्वस्त जागा दोन घरांमधल्या बोळात होती. कंत्राटदाराने तिथे खूणही केली. आजी खिडकीतून पाहत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “याची पाठ कोणाकडे करणार?”

अकोल्यात शेजारच्या नव्या मजल्यावरचा एसी त्यांच्या अंगणावर गरम झोत सोडी; तुळशीपाशी संध्याकाळी बसणे त्यामुळे बंद झाले होते. इथे बोळापलीकडे ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंची स्वयंपाकघराची खिडकी होती. त्या एकट्या राहतात, पंख्यावर आणि उघड्या खिडक्यांवर उन्हाळा काढतात. जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बंद खोल्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसे फार होती. आणि यंत्र बाहेर जी उष्णता टाकते ती घरातून काढलेल्या उष्णतेहून नेहमीच जास्त असते, कारण कॉम्प्रेसरला लागलेल्या विजेची उष्णताही तीत मिसळते. आमचे घर थंड करण्यासाठी आम्ही कोणाची खिडकी तापवणार होतो, हे मग स्पष्टच दिसले.

यंत्र मागच्या अंगणात, मेपलच्या झाडापासून हातभर मोकळी जागा सोडून बसवले. तांब्याची नळी लांबली, शीतद्रव्य वाढले, खर्चही वाढला. तरीही उष्णता नाहीशी झाली नाही. ती आमच्याच अंगणात आली, एवढेच.

सुरू करण्याच्या दिवशी तंत्रज्ञाने परत येणाऱ्या हवेचे तापमान मोजले, 79 अंश फॅरनहाइट. खोलीत येणाऱ्या हवेचे 60. फरक ठीक आहे, असे त्याने सांगितले. थोड्या वेळाने भिंतीबाहेरच्या नळीतून पहिले पाणी ठिबकू लागले. आजींनी त्याखाली बादली ठेवली. ते पाणी पिण्याचे नव्हे, हे त्यांना सांगितले होते. त्यांनी ते संध्याकाळी अंगणात, यंत्राच्या तापलेल्या बाजूला, सड्यासारखे शिंपडले.