एका टिचकीचे सहा रुपये

वीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले की माणसाला एक भ्रम होतो. आपल्याला पैशातलं कळतं, असं त्याला वाटू लागतं. त्यातून मी बी.कॉम.!

माझी योजना अशी होती. इंटरनेटवर ‘कोणता मिक्सर घ्यावा?’ असं एक पान लिहायचं, त्यात एका दुकानाचा दुवा द्यायचा आणि त्या पानाची जाहिरात करायची. जाहिरात नुसती दिसली तर पैसे पडत नाहीत. कोणी टिचकी मारली तरच पडतात. दुव्यावरून कोणी तीन हजारांचा मिक्सर घेतला, तर दुकान मला शेकडा चारप्रमाणे एकशेवीस रुपये देणार. टिचक्यांचा हा लिलाव अमेरिकेत १९९८ साली ‘गोटू’ नावाच्या स्थळाने सुरू केला. आमच्या घरापर्यंत यायला त्याला थोडा वेळ लागला, इतकंच.

प्रयोगाचं भांडवल एक हजार. रोजची मर्यादा शंभर. पहिल्याच दिवशी गेले एकशेऐंशी! चौकशीअंती कळलं की ही मर्यादा म्हणजे सरासरी. एखाद्या दिवशी दुप्पटही जाऊ शकतात, महिन्याचा हिशेब मात्र जुळतो. आमच्या काउंटरवर मी अशी सरासरी काढली असती, तर त्याच संध्याकाळी मेमो मिळाला असता.

टिचकीला सहा रुपये. टिचक्या तीस, विक्री शून्य. लोकांनी काय शोधलं होतं, याची यादी उघडली. ‘मिक्सर रिपेअर’, ‘मिक्सरचं झाकण’, ‘सिमेंट मिक्सर भाड्याने’! कोणते शब्द नकोत, तेही आधी कळवावं लागतं म्हणे. मी ‘सिमेंट’ काढतोय, तोच मेहुण्याचा फोन आला.

“भाऊजी, तुमची जाहिरात दिसली! चांगली चार वेळा दाबली.”

प्रेमाची किंमत चोवीस रुपये. बोलायची सोय नाही.

सहाव्या दिवशी एक मिक्सर खपला. त्या आनंदात मी पाव किलो पेढे आणले. पेढे संपायच्या आत गिऱ्हाईकाने मिक्सर परत केला. कमिशनची उलट नोंद झाली. पेढ्यांची होत नाही.

तीस टिचक्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, असं मी सौ.ला संख्याशास्त्राच्या आधारे पटवू लागलो. शंभरात दोघं घेणारे असले, तरी तीस टिचक्यांत एकही विक्री न होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त! तिने शांतपणे भाजी निवडत विचारलं, “एका मिक्सरमागे किती मिळणार?”

“एकशेवीस.”

“आणि टिचकीला सहा. म्हणजे वीस जणांत एकाने तरी घ्यायला हवा. तुम्ही स्वतः वीस दुकानं पाहून एकात तरी काही घेता का?”

हा हिशेब पाकिटाच्या पाठीवर मावला असता, तोही हजार रुपये जायच्या आधी. शंभरात दोघांनी घेतला, तरी एका मिक्सरमागे माझे तीनशे जाणार होते. थोड्या पैशांत चाचणी करायची, तर पहिली चाचणी पेन्सिलीने करावी. तीत नापास झालं तर फी पडत नाही.

परवा एक छोटा दुकानदार कर्जाचा अर्ज घेऊन आला. अर्जात ‘जाहिरात खर्च’ असा रकाना भरलेला. पूर्वी त्यावर मी भुवया उंचावत असे. या वेळी खुर्ची पुढे ओढली आणि त्याला हळूच विचारलं, “मेहुणे किती आहेत तुम्हाला?”