टिंटर्न आणि यवतमाळ

वर्डस्वर्थची 1798 सालची टिंटर्नची कविता आम्ही यवतमाळात वाचली आणि यवतमाळातच शिकवली. 1131 साली स्थापन झालेला तो मठ आठव्या हेन्रीच्या काळात, 1536 मध्ये बंद पडला. भग्नावशेष रमणीय असतात, हा संस्कार आमच्यावर इंग्रजी कवितेने केला. कवितेच्या शीर्षकात मठ आहे, तिच्या ओळींत मात्र तो कुठेही येत नाही, हे फार उशिरा ध्यानी आले.

तेव्हा आठवला आपल्याच गावातला इंग्रजी अवशेष : ‘शकुंतले’चे स्टेशन. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूर गाठणारी ही नॅरोगेज ब्रिटिश कंपनीने उभारली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मुख्य मार्गापर्यंत नेण्यासाठी. तिथून तो मँचेस्टरला जाई. 1921 साली त्याच मँचेस्टरमध्ये घडलेले वाफेचे इंजिन या मार्गावर 1994 पर्यंत धावले. आता गाडीच बंद आहे.

या गाडीवर आम्हीही हळवेपणाने लिहिले. त्यात धूर होता, शिट्टी होती, संथ चाल होती; कापूस नव्हता आणि तो पिकवणारा तर नव्हताच. वर्डस्वर्थने मठाला निदान शीर्षकात तरी जागा दिली होती.

वारसा जपावा, याविषयी दुमत नाही. पण रूळ कशासाठी टाकले गेले, हे विसरून जपलेले स्टेशन म्हणजे नुसते देखणे चित्र. शकुंतला हे नाव तर विस्मृतीच्याच कथेतले. तिथे ओळख पटवणारी अंगठी शेवटी सापडते. इथे ती आपल्यालाच शोधावी लागेल.