पट्ट्याचा आवाज

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आम्हांलाही भेटले. कुणी पहाटे फिरायला जा म्हणाले, कुणी ज्ञानेश्वरीचे वाचन सुचवले, कुणी ज्येष्ठ नागरिक संघाचा अर्जच आणून दिला. आम्ही मात्र उद्यमबागेतील एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून एक जुने मिलिंग मशीन विकत घेतले आणि परसातल्या पत्र्याच्या खोलीत आणून बसवले. सौभाग्यवतींनी बाहेर येऊन ते धूड एकदा पाहिले आणि "याला चारा काय लागतो?" एवढेच विचारले.

बेळगावात असा नाद लागणे नवलाचे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये याच गावात सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, आणि 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवायला ते निघून गेले. ते गेले, पण लोखंडाला आकार देण्याची हौस या गावात राहिली. नोकरीत असताना उद्यमबागेच्या रस्त्याने जाताना आम्हांला तिथल्या कामगारांचा हेवा वाटे. दिवसभर कचेरीत राबूनही संध्याकाळी हातात धरून दाखवावे असे आमच्याजवळ काही उरत नसे. टर्नरजवळ ते उरे.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंग मशीनवर याच्या उलट. वाइसमध्ये घट्ट धरलेले काम टेबलाबरोबर सरकते आणि फिरता कटर त्यावरून धातू कापत जातो. आमच्या यंत्राची मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते. साध्या पोलादावर 20 मिलिमीटर व्यासाचा कटर चालवायचा, तर सुमारे 400 फेरे पुरतात. हा फरक पाडण्यासाठी मोटर आणि स्पिंडल या दोहोंवर पायऱ्यापायऱ्यांच्या पुल्या असतात आणि त्यांना जोडणारा रबरी व्ही-बेल्ट असतो. सगळी शक्ती जाते ती या एका पट्ट्यातून.

आमच्या यंत्राचा हा पट्टा बोंबलू लागला. यंत्र सुरू करताच तो किंचाळे. कटर जरा खोल घातला की स्पिंडल मंदावे, रबराचा जळका वास येई आणि खाली काळा भुगा पडे. आम्ही मोटर मागे ओढून पट्टा ताणला. आवाज बंद झाला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा सुरू झाला. पुन्हा ताणला. कुणाच्या तरी सांगण्यावरून राळ लावली, तर तिच्यावर भुगा चिकटून तिचीच पुटे झाली. शेवटी नवा पट्टा आणला. चार महिन्यांत असे तीन पट्टे झाले. तिसऱ्याच्या वेळी पट्टा तर गेलाच, शिवाय स्पिंडलचे वरचे बेअरिंग हात लावू नये इतके तापू लागले.

तेव्हा उद्यमबागेत आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध मेस्त्रींना आम्ही घरी बोलावले. त्यांनी यंत्र सुरू करायला सांगितले, आवाज ऐकला, बंद करायला सांगितले. मग म्हणाले, "साहेब, बेल्ट बोंबलतोय म्हणून बेल्टालाच धरलंय तुम्ही. पुल्या बघितल्या काय?"

त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि एका पुलीच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंत ताणून धरली. दोन्ही पुल्या एका रेषेत असतील तर सुतळी चार ठिकाणी टेकते. इथे ती तीनच ठिकाणी टेकली. मोटर बसवताना तिच्या एका पायाखाली आम्हीच पत्र्याचा तुकडा घातला होता, त्यामुळे ती तिरपी झाली होती. पट्टा प्रत्येक फेऱ्याला वाकडा होऊन खाचेत शिरत होता. दुसरा दोष मोटरच्या पुलीत निघाला. पाचरीच्या आकाराचा हा रबरी पट्टा अमेरिकेत जॉन गेट्स यांनी 1917 मध्ये काढला. त्याचे सारे मर्म त्याच्या दोन तिरप्या बाजूंत आहे. खाचेच्या भिंती त्या बाजूंनी पकडायच्या आणि तळ मोकळा राहायचा. आमच्या पुलीची खाच झिजून पट्टा तळाला टेकत होता. तळ चकचकीत झाला होता, म्हणजे पट्टा तिथे नुसता घसरत होता. ताणल्यावर तो काही दिवस गप्प बसे, कारण घसरायलाही त्याला वाव उरत नसे. त्या ताणाचा भार मात्र बेअरिंगवर पडे.

मेस्त्रींनी तो तुकडा काढून टाकला, मोटर सरळ केली आणि नवी पुली बसवायला लावली. पट्टा किती ताणायचा तेही दाखवले. दोन पुल्यांमध्ये चाळीस सेंटिमीटरांचे अंतर असेल, तर मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर तो सहा-साडेसहा मिलिमीटर लवला पाहिजे. यंत्र सुरू केले. आवाज नव्हता.

त्या रात्री आम्हांला फार वेळ झोप आली नाही. एक नाव राहून राहून आठवत होते.

2000-2001 च्या सुमारास कर्नाटकात 'भूमी' योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर घेण्याचे काम जोरात होते. सीमाभागातील एका तालुका कचेरीत आम्ही अधिकारी होतो. एका कारकुनाच्या मेजावर वादातल्या नोंदी तुंबून राहत. वरून विचारणा होई. आम्ही त्यांना मेमो दिला. काम वेगाने झाले आणि महिन्याभरात पुन्हा तुंबले. दुसरा मेमो दिला. मग कारणे दाखवा नोटीस काढली आणि वेतनवाढ रोखण्याची शिफारस केली. ती मंजूर झाली.

त्यांनी लेखी खुलासा दिला होता. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या जुन्या दप्तरांतले बरेच कागद मोडीत होते. मोडी वाचणारे एकच वयस्कर गृहस्थ आठवड्यातून दोन दिवस येत. ते वाचणार, मग कन्नड भाषांतर होणार, मग नोंद पुढे सरकणार. आम्ही तो खुलासा वाचला आणि त्यावर शेरा मारला, "समाधानकारक नाही." मोडी वाचणाऱ्याला आठवड्याचे सगळे दिवस बोलावण्याचा प्रस्ताव एका पानाचा होता. तो पाठवावा असे आम्हांला सुचले नाही. त्या गृहस्थांनी पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली. रोखलेल्या वेतनवाढीचा परिणाम निवृत्तिवेतनावर जन्मभर राहतो, हे आम्हांला चांगले ठाऊक होते. त्यांच्या जागी नवा माणूस आला. आमची बदली होईपर्यंत त्याच्याही मेजावर तेवढाच ढीग झाला होता.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बसने निपाणीला गेलो. पत्ता विचारीत त्यांच्या घरी पोहोचलो. त्यांनी ओळखले. "या की साहेब, बसा," म्हणाले आणि आत चहाला सांगितले. आम्ही कसे बोलावे याची मनात जुळवाजुळव करीत होतो, ती सगळी विसरलो आणि मशीनचीच हकीकत सांगत सुटलो. ते शांतपणे ऐकत होते. सुतळी तीन ठिकाणी टेकली, इथपर्यंत आलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हांला कळले, की ही हकीकत कशाची आहे हे त्यांना कळले आहे. मग आम्ही म्हणालो, "तुमचा खुलासा बरोबर होता. आम्ही तो नीट वाचला नाही."

त्यांनी थोडा वेळ काही म्हटले नाही. चहा आला. कपबशी आमच्यापुढे सरकवीत त्यांनी विचारले, "साहेब, त्या तीन पट्ट्यांचं काय केलंसा?"

"टाकून दिले," आम्ही म्हणालो.

"घ्या, चहा गार होतोय," ते म्हणाले.